फुकटच्या सॉफ्टवेअरवर तक्रार करायचा हक्क कुणाला?

रात्रपाळी
देवनागरी टायपिंगचं एक लहानसं मुक्त सॉफ्टवेअर आम्ही तिघं नोकऱ्या सांभाळून चालवतो. परवा रात्री जेवून बसलो, तर निरोप आलेला: "अपडेटनंतर सगळी वाट लागली. लवकर दुरुस्त करा, कामं अडलीत." कुठलं मशीन, कुठलं व्हर्जन, काय केल्यावर बिघडलं, काही पत्ता नाही. विचारलं तर उत्तर, "ते बघणं तुमचं काम."

ते माझं काम नाही. अशा सॉफ्टवेअरच्या परवान्यात लिहिलेलंच असतं की आहे तसं दिलंय, हमी कसलीही नाही. 'कर्ल' हे इंटरनेटवरून डेटा आणणारं-पाठवणारं मुक्त सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. जानेवारी २०२२ मध्ये एका बड्या कंपनीने ते लिहिणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गला 'लॉगफोरजे' या दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षादोषाबद्दल प्रश्नावली धाडली आणि २४ तासांत उत्तरं मागितली. कर्लमध्ये लॉगफोरजे वापरलेलंच नाही, आणि त्या कंपनीने त्याला कधी दमडी दिलेली नव्हती.

ज्याला बदल हवाय त्याने हात लावावा. कोड, भाषांतर, मदतपानं, पैसे, जे जमेल ते. नुसतं मत ऐकवायला येऊ नये.

प्रूफवाली
साफ असहमत. मी छापखान्यात प्रुफं तपासते. कोडची एक ओळ येत नाही, म्हणून मी गप्प बसायचं? 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. 'आचार्यांना' दक्षिणा देतात, 'आचाऱ्यांना' मजुरी. एखाद्या फाँटमध्ये 'ऱ्य' जुळत नाही, पाय मोडलेला र सुटा दिसतो. फाँट करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल, तर ही चूक आहे हेच त्याला कळणार नाही. पाकळीचा ल आणि देठाचा श या मराठी वळणांचंही तेच. ते सांगणारा आमच्यासारखा वाचकच लागतो, आणि त्या सांगण्याला तुम्ही 'नुसतं मत' म्हणताय.

निळी_शाई
ताई, तुमची तक्रार नेमकी आहे, पण दहातल्या नऊ तशा नसतात. 'एक्सझेड यूटिल्स' या फायली आकसून लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं प्रकरण आठवा. फिनलंडचा लासे कॉलिन ते बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये काही जण त्याच्या मागे लागले: रिलीज रखडल्यात, दुसऱ्याच्या हाती दे. मनःस्वास्थ्य बरं नाही, हा माझा विनामोबदला छंद आहे, असं त्याने सांगितलं तरी तगादा थांबला नाही. पुढे 'जिया टॅन' नावाच्या मदतनीसाला अधिकार मिळाले आणि २०२४ च्या ५.६.० आवृत्तीत त्याने लपवलेला चोरदरवाजा, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनमध्ये गुपचूप शिरायची वाट, निघाला. तगादा लावणारी खातीही बनावट असावीत, असं आता मानतात. पण ती खपून गेली, कारण खरे वापरकर्तेही त्याच सुरात बोलतात! मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच लागलं.

सांगलीकर
प्रकरण अर्धंच सांगितलंत. चोरदरवाजा पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंडने. तो पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा, एक्सझेडच्या बाबतीत वापरकर्ताच. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनशी जोडणाऱ्या प्रोग्रामने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढं त्याला खटकलं. खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. एक्सझेडमध्ये दुरुस्ती त्याने केली नव्हती, कळवलं होतं.

शिवाय जिया टॅन तर 'हात लावणारा'च होता ना? कोड देणारा तो भला आणि बोलणारा तो उपद्रवी, ही वाटणी मला पटत नाही.

रात्रपाळी
जिया टॅनचा मुद्दा मान्य, मी तसा विचार केला नव्हता. 'मत ऐकवायला येऊ नये' हे मागे घेतो. पण फ्रॉइंडने शोधाशोध स्वतः करून मग सांगितलं. ते कष्ट म्हणजेच हातभार. आणि चांगल्या रिपोर्टनंतरही दुरुस्ती कुणाच्या तरी रविवारातूनच येते. नेमकं सांगितलंत तरी मी 'नाही' किंवा 'आत्ता नाही' म्हणू शकतो. तेवढं मान्य असेल तर सांगत राहा.

प्रूफवाली
'आत्ता नाही' चालेल. वाचून कुणी उत्तरच देत नाही, ते चालत नाही.

'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले चाळीसेक शब्द वहीत टिपलेत, कुठल्या फाँटमध्ये काय फुटतं त्यासह. वऱ्हाड, तऱ्हा, साताऱ्याचा, सुऱ्या. व्हर्जन कुठे बघायचं तेवढं सांगा, उद्या टाइप करून पाठवते.