एडनचा आणि सातारचा गव्हर्नर एकच

वर कुणीतरी लिहिलंय की येमेनमधल्या एडन बंदराचा कारभार इंग्रजांच्या काळात थेट लंडनहून चालायचा. तसं नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीने जानेवारी १८३९ मध्ये ते घेतलं आणि १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्याखाली होतं. म्हणजे १८४८ मध्ये राज्य खालसा झाल्यावर आम्हा सातारकरांचा आणि एडनवाल्यांचा गव्हर्नर एकच!

लांबच्या बंदरावर मुंबईची नजर किती पुरणार? पहिला अधिकारी कॅप्टन हेन्स १८५४ पर्यंत तिथे होता. मग हिशेबात तूट निघाली. अफरातफर कोर्टात सिद्ध झाली नाही, तरी सरकारी थकबाकीपायी त्याला मुंबईत काही वर्षं तुरुंगात ठेवलं. १८६० मध्ये सुटला आणि काही दिवसांतच वारला. वासुदेव बळवंत फडक्यांना एडनला ठेवणं सरकारला सोयीचं का होतं, तेही यावरून कळेल: समुद्रापार, तरी आपल्याच इलाख्यातला तुरुंग.