दरमहा पैसे न भरता फोटो सांभाळायचे कशात? मदत हवी आहे

सध्याच्या सॉफ्टवेअरचं दरमहा भाडं नकोसं झालंय. हप्ता चुकला की माझ्याच फोटोंवर एडिटिंगची बटणं करडी पडतात! फोटो ४० हजारांच्या आसपास, निम्मे रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइल).

डिजिकॅम हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. टॅग, चेहरे ओळखणं झकास, पण एडिटिंग मला जेमतेमच वाटलं. डार्कटेबल या रॉ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ सुरेख निघतात, मात्र मॉड्यूलांची (एडिटिंगच्या वेगवेगळ्या साधनांची) गर्दी बघून डोकं गरगरतं. दोन्ही फुकट, त्यामुळे तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू?

ही जोडी एकत्र कोणी वापरतं का? डिजिकॅममधले टॅग नि तारे (रेटिंग) एक्सएमपी फाइलमध्ये (फोटोशेजारी राहणारी, त्याची माहिती साठवणारी छोटी फाइल) लिहिले तर डार्कटेबल ते नीट उचलतं, की एकमेकांचं लिहिलेलं पुसतात? एकरकमी विकत मिळणारं काही असेल तर तेही चालेल. आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमधले (फोटोंच्या नोंदवहीतले) अल्बम तुम्ही कसे हलवलेत?