मन लागत नाही, तरी पेटी वाजवत राहावी का?

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेला पेटी मी वाजवतो, शिवाय संडे स्कूलही माझ्याकडेच. गेलं वर्षभर हे सगळं नुसतं हातांनी चाललंय. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा अभंग सुरू असतो आणि माझं लक्ष अडकणाऱ्या काळ्या पट्टीवर, नाहीतर समोर किती बाकं रिकामी आहेत त्यावर. लोक 'किती भक्तिमान' म्हणतात तेव्हा कसंतरीच होतं.

बायबलमधलं यशया 29:13 (ओठ जवळ, अंतःकरण दूर) पाठ आहे. आमोस 5:23 (तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा) वाचल्यापासून तर पेटी उघडायचीच धास्ती वाटते! मत्तय 6:6 प्रमाणे दार लावून एकट्याने प्रार्थना दोन महिने केली. थोडा फरक पडला, पण रविवारी पुन्हा तेच. पाळकसाहेबांशी बोललो. ते म्हणाले, 'सेवा सोडू नका, मन मागून येईल.' घरी मात्र उलट सल्ला.

आजारपण, नैराश्य वगैरे नाही. मंडळी बदलायची नाही. पेटीला दुसरं कुणी नाही, एक मुलगा शिकतोय, इतकंच.

अशा अवस्थेतून गेलेल्यांनीच सांगा: तुम्ही सेवा चालू ठेवलीत की काही महिने मागच्या बाकावर बसलात? थांबला असाल, तर मंडळीला कारण काय सांगितलंत?