जॅक्सन नशिबाने जिंकला?

ऑक्सफर्डचा धावपटू अर्नॉल्ड जॅक्सन स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये 'नशिबाने' जिंकला, असं म्हटलं जातं, ते मला पटलं नाही. १९१२ च्या १५०० मीटर अंतिम फेरीत सात अमेरिकन होते, त्यात विश्वविक्रमवीर एबल किव्हिएटही. शेवटच्या टप्प्यात जॅक्सन बाहेरच्या बाजूने लांब ढांगा टाकत आला आणि ३ मिनिटं ५६.८ सेकंदांत सगळ्यांच्या पुढे! दुसरा-तिसरा ठरवायला फोटो बघावा लागला. जॅक्सनच्या सरावाच्या नावाने बोंबच होती, हे मात्र खरं. त्याच शर्यतीत त्याला साथ देणारा फिलिप नोएल-बेकर सहावा आला; त्याला पुढे, १९५९ मध्ये, शांततेचं नोबेल मिळालं. जॅक्सन मात्र पहिल्या महायुद्धात ब्रिगेडियर जनरल झाला, जखमी होऊन लंगडा झाला आणि धावणं सुटलं ते सुटलंच.