‘हक्का’ म्हणजे काय?

प्रश्न : मेन्यूकार्डावर ‘हक्का नूडल्स’ सर्रास दिसतं. यातला ‘हक्का’ कुठून आला? आपल्या ‘हक्क’शी काही नातं?

उत्तर : नाही. ‘हक्क’ अरबीतून आलेला. हक्का हे एका चिनी समाजाचं आणि त्याच्या भाषेचं नाव आहे. ‘हाक’ म्हणजे पाहुणा, ‘का’ म्हणजे घर, कुटुंब. उत्तरेतल्या लढायांना कंटाळून पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडे सरकलेली ही माणसं ग्वांगडोंग, फुजियान, जियांग्शी या दक्षिण चीनमधल्या प्रांतांच्या डोंगराळ भागात राहिली. आधीपासूनचे लोक त्यांना पाहुणेच म्हणत आले. १८५५ ते १८६७ या काळात ग्वांगडोंगमध्ये या दोघांत भयंकर रक्तपातही झाला.

इतकं फिरूनही भाषा टिकली. मंडारिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, ‘हाक’चा शेवटचा क् गळून गेलाय, हक्कात तो शाबूत आहे. ‘मी’ला मंडारिनमध्ये ‘वो’, तर हक्कात ‘ङाय’. आपल्या वर्णमालेत ङ आहे, पण त्याने आपला एकही शब्द सुरू होत नाही. हक्का माणूस मात्र स्वतःबद्दल बोलायला लागतो तो ङपासूनच! मला हे फार आवडतं. त्यांच्यात एक म्हण आहे : वाडवडिलांचं शेत विकलं तरी चालेल, वाडवडिलांची भाषा विसरायची नाही.

हक्का लोक तैवानमध्येही आहेत. तिथे शाळेत मंडारिन सोडून दुसरं बोललं की मुलांना शिक्षा व्हायची. २८ डिसेंबर १९८८ रोजी हक्का लोक ‘आमची मातृभाषा परत द्या’ म्हणत तैपेईच्या रस्त्यावर उतरले. २००३ मध्ये त्यांची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी सुरू झाली.

प्रश्न : मग नूडल्स?

उत्तर : ते कोलकात्याचं देणं. तिथल्या टांग्रा भागात हक्का कुटुंबांचे चामडं कमावण्याचे कारखाने होते, पुढे हॉटेलं आली. १९६२च्या युद्धानंतर कित्येक चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. नंतर अनेकजण टोरांटोकडे गेले. पदार्थ घरोघरी पोचला आणि माणसं विस्मरणात गेली, याचं वाईट वाटतं.

प्रश्न : हक्का भाषेला चिनीची बोली म्हणावं का?

उत्तर : मी भाषाच म्हणेन. लिपी एक असली तरी ग्वांगडोंगमधल्या मेइशियानचा हक्का माणूस आणि बीजिंगचा माणूस आपापल्या भाषेत बोलू लागले, तर एकाचं दुसऱ्याला कळत नाही. मराठीत लिहिताना ‘हक्का भाषा’, ‘हक्का समाज’ असं बिनदिक्कत लिहावं.