३०० डबे हवेत? मग 'नंतर बघू'!

मसालेवाली, डोंबिवली

घरी गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट करून विकते. चार वर्षं साध्या पाऊचवर स्टिकर चिकटवून भागवलं. यंदा दिवाळीआधी १०० ग्रॅमचे छापील पुठ्ठ्याचे डबे करून घ्यायचे ठरवले. प्रत्येकी ३००, म्हणजे एकूण ९००. सहा ठिकाणी विचारलं. दोघांनी 'नंतर बघू' म्हणून फोन ठेवला, तो नंतर अजून आलेला नाही. एकाने व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिल्या, उत्तर नाही. एकाने 'पाच हजारांच्या खाली आम्ही मशीनला हात लावत नाही' असं सांगितलं. निदान सांगितलं तरी. उरलेल्या दोघांचे दर असे होते की डबा मसाल्यापेक्षा महाग पडावा.

मी आगाऊ पैसे द्यायला तयार आहे. उधारी मागत नाही. तरी नव्या, लहान गिऱ्हाइकाला दारातूनच का परतवतात? सगळे मोठे आईच्या पोटातून मोठेच जन्मले का?

पेठेतला छापखाना

परतवणाऱ्यांपैकी मीही एक. तुमच्या ऑर्डरीचा हिशेबच मांडतो.

चार रंगांचं काम, म्हणजे छपाईच्या चार प्लेटा, रंगागणिक एक. तीन मसाल्यांच्या बारा. पंचिंगची डाय, म्हणजे डबा कापायचा साचा, वेगळी. एका शीटवर सहा डबे बसले तर ३०० डब्यांना शीटं लागणार ५०. पण रंगावर रंग नीट बसेपर्यंत माझी दीडशे शीटं रद्दीत जातात. डबे ३०० असोत की १०,०००, ती दीडशे जातातच. म्हणजे छापायची ५०, फुकट घालवायची १५०, आणि हे तीनदा. मशीनमनचा अख्खा दिवस रोलर धुण्यात जातो. हे सगळं ९०० डब्यांवर वाटलं की जो दर येतो तो ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, 'लुटायला बसलात का?' तो अपमान ऐकण्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं.

आणि खरा खर्च तर हिशेबात धरलाच नाही. नवीन माणूस प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, नवऱ्याला दाखवतो, मग बहिणीला, मग सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. प्लेटा निघाल्यावर लक्षात येतं की शाकाहारीचा हिरवा ठिपकाच राहिला, एमआरपीला जागा नाही. जुन्या पार्टीचं ५०,००० डब्यांचं काम एका फोनवर होतं.

दुकानदार, सांगली

बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवू नये असं आमचे वडील सांगत. आज ३०० घेणारा उद्या ३०,००० घेईल.

पेठेतला छापखाना

आज लहान, उद्या मोठा हे मी बावीस वर्षं ऐकतोय. मोठा झाला की तो पहिला फोन जो दोन पैशांनी स्वस्त देतो त्याला करतो. त्याची चूक नाही, मीही कागद तसाच घेतो. पण उद्याच्या आशेवर आज तोटा सोसा असं मला सांगू नका.

यंत्रमाग, इचलकरंजी

छापखानेवाल्यांशी निम्मा सहमत. आमच्याकडे १२० मीटर कापड हवं म्हणून नवे लोक येतात, कुर्त्यांचा ब्रँड काढायचा असतो. त्यांना कसं सांगायचं की सूत, सायझिंग (सुताला खळ), मग वहिफणीतून धागे ओवून बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, मागावर चढवायचं, आणि चढलेलं बीम संपेपर्यंत त्यावर त्याच ताण्याचं (उभ्या धाग्यांचं) कापड निघतं? १२० मीटरसाठी माग रिकामा कोण ठेवणार?

पण नाही म्हणायची आमची पद्धत वाईट आहे, हेही खरं. चालू बीमवर बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, रंग बदलून देता येतो. तसं एकदा सुचवलं तर पोरगी खूश होऊन गेली. सुचवायला दोन मिनिटं लागली.

खरेदी विभाग, निवृत्त

मी तीस वर्षं दुसऱ्या बाजूला बसलो, म्हणजे ज्या मोठ्या पार्टीसाठी तुम्ही लहानांना परतवता तिथे. आमची ऑर्डर मोठी, पण बिल सुटायला तीन-तीन महिने. पुरवठादार केबिनबाहेर बसलेला असायचा आणि आम्ही 'सही व्हायची आहे' म्हणायचो. लाज वाटते आता.

लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहेच. आता आयकराच्या नियमामुळे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. तरी मोठ्या गिऱ्हाइकावर तक्रार करायला कोण धजतो? पुढची ऑर्डर जाते. मग ही बाई रोख आगाऊ देतेय, तिचं मोल हिशेबात कुठे धरलं?

पेठेतला छापखाना

हा मुद्दा झोंबला. आत्ता माझे दोन बड्या पार्टींकडे अडकलेले पैसे मोजले तर कागदवाल्याचं सगळं खातं फिटेल. तरी रोख आहे म्हणून दीडशे शीटांची रद्दी कमी होत नाही.

स्टिकरच बरा

हा धागा काढणाऱ्या मसालेवालीला राग येईल, पण डबा हवाच कशाला? कांदा-लसूण मसाल्याला तेल सुटतं, आत पाऊच घालावाच लागणार. म्हणजे पाऊच अधिक डबा. गिऱ्हाईक चवीला येतं. पुरवठादारांनी लहानांना मान द्यावा म्हणता, मग लहानांनीही आपल्या मापाचं मागावं. डिजिटल छपाईचे स्टिकर शंभरसुद्धा मिळतात, प्लेट नाही, डाय नाही.

मसालेवाली, डोंबिवली

राग आलाच. स्टिकरवाला पाऊच दुकानदार मागच्या फळीवर ठेवतो, भेट म्हणून कुणी उचलत नाही. दिवाळीत लोक डबा बघून घेतात. आणि हो, आत पाऊच घालणारच आहे, तेवढं कळतं.

छापखानेवाले काका, तुमच्या हिशेबाचा राग नाही आला. सहा जणांपैकी एकानेही तो असा मांडला असता तर मी इथे लिहिलंच नसतं. एक विचारते: तिन्ही डब्यांचं माप एकच आहे. तिन्ही एकाच शीटवर छापता येत नाहीत का?

पेठेतला छापखाना

माप एकच आहे? मग हे आधी का नाही सांगितलं!

येतात की. चार प्लेटा, एक डाय, रद्दी एकदाच. १५० शीटं छापली की प्रत्येकी ३०० डबे. दर निम्म्याच्या आसपास यावा. मात्र पुढच्या वेळी एकच मसाला संपला तरी तिन्ही छापावे लागतील, हे लक्षात ठेवा. मेतकुटाचे डबे माळ्यावर पडतील.

मसालेवाली, डोंबिवली

मेतकूट खरंच फार खपत नाही. सगळ्यात जास्त गोडा. मग शीटवर गोड्याचे तीन, कांदा-लसणाचे दोन आणि मेतकुटाचा एक ठेवला तर?

पेठेतला छापखाना

४५०, ३०० आणि १५०. जमतं. हिरवा ठिपका आणि एमआरपीची जागा आधी बघून घ्या, आणि प्रूफ सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. बुधवारी मशीन रिकामं आहे.