‘मर्दानगी’ की ‘कर्ता पुरुष’?

प्रश्न : स्वातंत्र्योत्तर मराठी कादंबरीतल्या पुरुषांवर लेख लिहितेय. ‘मर्दानगी’ शब्द वापरू की ‘पौरुष’? ‘पुरुषत्व’ म्हटलं की वाचकाला भिंतीवरच्या औषधांच्या जाहिराती आठवतील.

उत्तर : ‘मर्द’ फारसीतून आला आणि मराठीत मुरला तो पोवाड्यांतून, पुढे ऐतिहासिक कादंबऱ्यांतून. इंग्रजांनी काही समाजांना लढवय्ये ठरवलं, बंगाली बाबूला बायकी म्हटलं. त्या अपमानाला उत्तर देताना असे शब्द हाताशी होतेच. पण १९४७ नंतरच्या वास्तववादी कादंबरीत पुरुषाला जोखतात ते कमाईवर. म्हणून मी ‘कर्ता पुरुष’ सुचवेन. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) बघा. महादेव शिंपी, पण संसार ओढते ती त्याची बायको कौतिक. पुढे त्याला महारोग होतो. घर तिच्या कष्टावर चालतं आणि तरीही ‘कर्ता’ हे पद त्याच्याच नावावर राहतं. कादंबरीची सगळी वेदना मला या विसंगतीत दिसते. ‘मर्दानगी’ म्हटलंत तर नेमकी हीच गोष्ट निसटेल.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तही (१९६३) तेच. पांडुरंग सांगवीकर बापाच्या पैशावर पुण्यात शिकतो आणि पदवी न घेता गावी परततो. बाप कर्ता, मुलगा कर्ता व्हायला नकार देणारा.

प्रश्न : पण ‘कर्ती बाई’ही म्हणतातच की!

उत्तर : म्हणतात, आणि फरक तिथेच आहे. ‘कर्ती’, ‘कर्तीसवरती’ हे बाईच्या कामाचं कौतुक. ‘कर्ता पुरुष’ मात्र घरातली जागा आहे. हिंदू कायद्यातही एकत्र कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्याला ‘कर्ता’च म्हणतात. ‘पौरुष’ फार पुस्तकी आहे. ‘पुरुषार्थ’ तर बोलण्यात ‘यात कसला पुरुषार्थ?’ असं हिणवण्यापुरताच उरलाय.

आणखी एक मत : ‘कर्ता पुरुष’ गावाला आणि संसाराला शोभतो. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’तल्या (१९६५) पोक्याला आणि त्याच्या टोळीतल्या पोरांना तो कसा लावणार? त्या पोरांना घर चालवून काही सिद्ध करायचं नाही. त्यांचा पुरुषपणा नाक्यावर, टोळीतल्या दोस्तांसमोर आणि पोरींना त्रास देऊन ठरतो. हा हिंसक भाग ‘कर्ता’ या शब्दात झाकला जाईल. लेखात ‘कर्ता पुरुष’ आणि ‘मर्दानगी’ दोन्ही शब्द ठेवा, शीर्षकात साधं ‘पुरुषपण’ घाला.